आठ वर्षांची मुलगी, स्वयंचलित इन्सुलिन पंप आणि पहिले अकरा आठवडे : एक प्रकरण अभ्यास

मुलगी आठ वर्षांची, वजन २४ किलो. टाइप १ मधुमेहाचे निदान पाचव्या वर्षी झाले. त्यानंतर तीन वर्षे रात्री एकदा ग्लार्जिन (दिवसभर पुरणारे दीर्घकालीन इन्सुलिन) आणि प्रत्येक खाण्याआधी जलद इन्सुलिन, म्हणजे दिवसाला चार-पाच इंजेक्शने. दिवसभराचे एकूण इन्सुलिन १९ ते २० युनिट. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.६ टक्के. रात्री दोन-तीन वाजता उठून बोट टोचून शुगर बघणे हे आईच्या अंगवळणी पडलेले. शाळा सकाळची, ७:२० ते १२:१५. घरात आई, बाबा, आजी. दुपारी मुलगी आजीजवळ असते.

हे प्रकरण एकाच घराचे नाही. पंप लावल्यावर अनेक घरांत जे घडते ते एका मुलीभोवती जुळवले आहे आणि आकडे तिच्या वजनाशी, डोसशी मेळ खातील असे घेतले आहेत. इथले डोस उचलून आपल्या मुलाला द्यायचे नाहीत. ते मुलाच्या डॉक्टरांबरोबरच ठरवायचे. उचलायची आहे ती विचाराची रीत.

यंत्र : मिनिमेड ७८०जी पंप, गार्डियन ४ सेन्सर. यातल्या स्वयंचलित पद्धतीला स्मार्टगार्ड म्हणतात. ही पद्धत सात वर्षांपुढच्या मुलांसाठी आली आणि तिला दिवसाला किमान ८ युनिट इन्सुलिन लागणारे मूल हवे. ही मुलगी दोन्हींत बसते. सेन्सरकडून दर पाच मिनिटांनी आकडा येतो, त्यावरून पंप बेसल (दिवसरात्र थेंबाथेंबाने जाणारे इन्सुलिन) वाढवतो, कमी करतो किंवा थांबवतो. बेसल कमाल मर्यादेला पोचूनही शुगर १२० च्या वर राहिली, तर पंप स्वतःहून छोटे दुरुस्ती बोलस (एकदम दिलेले डोस) देतो, तेही दर पाच मिनिटांनी देऊ शकतो. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या ६७०जीमध्ये ही स्वयंचलित दुरुस्ती नव्हती. लक्ष्यही १२० चे एकच होते, ७८०जीमध्ये १००, ११० आणि १२० यांतून निवडता येते.

तरीही हे अर्धे-स्वयंचलितच आहे. त्वचेखाली दिलेले जलद इन्सुलिन जोमात यायला साधारण एक ते दीड तास लागतो. पोहे किंवा भात त्याच्या कितीतरी आधी रक्तात शुगर चढवतात. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे त्याचा आकडाही पाच-दहा मिनिटे मागे असतो. म्हणून जेवणाचे कार्ब (कर्बोदके) माणसानेच सांगावे लागतात, आणि तेही आधी.

या पंपाला तीनच गोष्टी कळतात : सेन्सरचा आकडा, आपण सांगितलेले कार्ब, आणि स्वतः किती इन्सुलिन ढकलले याची त्याची स्वतःची नोंद. या तिन्हींतले एक जरी खोटे निघाले तरी पुढचे गणित यंत्र अगदी चोख करते आणि उत्तर चुकते. या मुलीच्या घरी पहिल्या तीन आठवड्यांत तिन्ही एकेकदा खोटे पडले.

सुरुवातीची सेटिंग्ज

पंपावर इन्सुलिन थोडे कमी लागते, म्हणून एकूण १८ युनिट धरून सुरुवात केली. जेवणाचे गुणोत्तर काढताना नेहमीच्या ठोकताळ्याप्रमाणे ५०० ला १८ ने भागले : सुमारे २८, म्हणजे २८ ग्रॅम कार्बला १ युनिट. सकाळी लहान मुलांना जास्त इन्सुलिन लागते, म्हणून न्याहारीसाठी ३३० ला १८ ने भागले : १८. स्वयंचलित पद्धतीत गुणोत्तर थोडे कडक, म्हणजे तेवढ्याच कार्बला जरा जास्त इन्सुलिन, ठेवलेले बरे असते, म्हणून दुपार-संध्याकाळ २५ आणि सकाळ १६ ठेवले. लक्ष्य ११०. सक्रिय इन्सुलिनचा काळ, म्हणजे दिलेला डोस किती वेळ अंगात काम करतोय असे पंपाने धरायचे, २ तास. पंपाला आधी सुमारे दोन दिवस मॅन्युअल पद्धतीत चालवून इन्सुलिनचा इतिहास द्यावा लागतो, तोवर तो स्मार्टगार्डमध्ये जात नाही.

एक गोष्ट पालकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. स्मार्टगार्ड चालू असताना तुम्ही भरलेले बेसल आणि दुरुस्तीचे गुणांक (१ युनिट शुगर किती उतरवते ते) वापरलेच जात नाहीत. चालतात ती कार्बची गुणोत्तरे, सक्रिय इन्सुलिनचा काळ आणि लक्ष्य. ‘रात्री शुगर चढते, बेसल वाढवून द्या’ ही विनंती इथे निरुपयोगी ठरते. पण भरलेले बेसल खरे असणेही तितकेच गरजेचे आहे. का, ते पुढे तापाच्या रात्री कळेल.

तिसऱ्या आठवड्याचा अहवाल

७० ते १८० या पट्ट्यात ५६ टक्के वेळ. ७० च्या खाली ५ टक्के. १८१ ते २५० मध्ये २३ टक्के, २५० च्या वर १६ टक्के. सरासरी १८७. स्मार्टगार्ड चालू असलेला वेळ ७८ टक्के. बोलसच्या इन्सुलिनपैकी ३४ टक्के स्वयंचलित दुरुस्तीतून गेलेले.

आंतरराष्ट्रीय सहमतीची उद्दिष्टे अशी : पट्ट्यात ७० टक्क्यांहून जास्त, ७० खाली ४ टक्क्यांहून कमी, २५० वर ५ टक्क्यांहून कमी. पण या अहवालात पहिली नजर ३४ वर जायला हवी. दुरुस्तीचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेला, की बहुतेक वेळा पंप जेवणाच्या इन्सुलिनची उणीव मागून भरत असतो. एकतर बोलस राहून जातो, किंवा उशिरा पडतो, किंवा गुणोत्तर ढिले असते. इथे तिघांचेही थोडे थोडे होते.

सकाळचे पोहे

६:४५ ला पोहे. कोरडे पोहे ४० ग्रॅम, त्यात सुमारे ३१ ग्रॅम कार्ब, म्हणजे १.९ युनिट. पण मुलगी कधी ताट संपवते, कधी अर्धे टाकून बूट घालायला पळते. म्हणून आई तिचे खाणे झाल्यावर, साधारण ७:०५ ला बोलस देई. इंजेक्शनच्या काळात ही सावधगिरी शहाणपणाची होती. पंपावर तीच घात करते.

घडायचे असे : ६:५५ ला सेन्सर चढ दाखवू लागतो. पंपाला जेवणाची खबर नाही, त्याला शुगर विनाकारण वाढताना दिसते. तो बेसल वाढवतो आणि थोडे दुरुस्ती इन्सुलिन देतो, समजा ०.४ युनिट. मग आई पूर्ण १.९ देते. एकूण २.३. या मुलीला १ युनिट सुमारे १०० ने शुगर उतरवते (१८०० भागिले १८). म्हणजे ०.४ चे ओझे ४० चे. साडेआठला शुगर २४०, आणि साडेनऊला पीटीच्या तासाला ६२. शाळेत बाई घाबरून चार बिस्किटे आणि फ्रूटी देतात, जवळजवळ ३५ ग्रॅम कार्ब. पंपाने आधीच इन्सुलिन थांबवलेले असते, म्हणून शुगर उसळून अकराला २७०. पंप पुन्हा मागे लागतो. घरी येईपर्यंत परत खाली.

यावर केलेली दुरुस्ती साधी होती, अंगवळणी पडायला मात्र दहा दिवस गेले. ती नक्की खाईल तेवढे, म्हणजे २० ग्रॅम, ६:३० ला पंपात भरायचे. वेणी घालताना. ताट संपत आले की उरलेले ११ ग्रॅम. टाकले तर दुसरा भाग द्यायचाच नाही. बोलस पूर्ण विसरला आणि खाऊन अर्धा-पाऊण तास उलटला, तर निम्मेच कार्ब भरायचे, कारण बाकीचे पंपाने एव्हाना दुरुस्तीतून दिलेले असते. उशिरा पूर्ण बोलस देणे हे या यंत्रावरच्या ‘लो’चे, म्हणजे शुगर ७० च्या खाली जाण्याचे, सगळ्यात नेहमीचे कारण आहे.

लो झाल्यावरचा उपचारही बदलावा लागला. नेहमीच्या लोमध्ये पंपाने वीस-तीस मिनिटे आधीच हात आखडता घेतलेला असतो, म्हणून ५ ते ८ ग्रॅम ग्लुकोज पुरते. ८-८ ग्रॅम ग्लुकोज पावडरच्या पुड्या वजन करून बांधल्या. दप्तरात तीन, बाईंच्या टेबलात तीन, आजीच्या फडताळात तीन. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा बघायचे. बिस्किटे नाहीत, चॉकलेट तर नाहीच, त्यातली चरबी शुगर चढायला उशीर लावते.

डब्याचा प्रश्न त्याच झटक्यात सुटला. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीवर फक्त एक आकडा : ३५. दोन पोळ्या (प्रत्येकी २५ ग्रॅम कणीक, सुमारे १७ ग्रॅम कार्ब) आणि भाजी. मुलगी तो आकडा पंपात भरते आणि बाई पडद्यावरचा आकडा झाकणाशी ताडून बघतात. बाईंना याहून जास्त काही शिकवायची गरज नाही.

तापाची रात्र

इथे मुलगी खरोखर धोक्यात होती, म्हणून हे सविस्तर.

संध्याकाळी ताप १०२. साडेआठला पॅरासिटामॉल, किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ३६० मिलिग्रॅम. प्रत्येक घरात असते ते सिरप. जेवण थोडेच झाले. साडेनऊला सेन्सर २१०, बाण वर. ‘तापात शुगर वाढतेच’ असे म्हणून सगळे झोपले, आणि ते म्हणणे एरवी बरोबरच आहे. पुढच्या अडीच तासांत पंपाने नेहमीपेक्षा सुमारे ०.६ युनिट जास्त दिले. सव्वाबाराला अलार्म झाला, सेन्सर ७४. बोट टोचले तर ४८. मुलगी घामाघूम, हाक मारल्यावर अर्धवट बोलणारी.

गार्डियन सेन्सर ग्लुकोजपासून तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड इलेक्ट्रोडवर मोजतो. पॅरासिटामॉलचीही त्याच इलेक्ट्रोडवर प्रक्रिया होते. सेन्सरला ती ग्लुकोजच वाटते आणि आकडा फुगतो. साडेनऊला खरी शुगर ११० च्या आसपास असणार. ०.६ युनिट म्हणजे ६० ची उतरण. हिशेब थेट ४८-५० ला येऊन पोचतो. पंपाने चूक केलीच नाही. त्याला दिलेला आकडा पॅरासिटामॉलचा होता.

त्या रात्री ८ ग्रॅमची एक पुडी पुरली नाही. नेहमीच्या लोमध्ये शरीरात इन्सुलिन थोडेच उरलेले असते, इथे ते भरपूर होते. दोन पुड्या दिल्या, पंधरा मिनिटांनी मीटरवर ७१, मग एक कप दूध. मूल गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालयात न्यावे.

आता या घरी ठरलेली रीत अशी. पॅरासिटामॉल देण्याआधी स्मार्टगार्ड बंद करून मॅन्युअल पद्धत लावायची. डोसनंतर किती तास, ते डॉक्टरांनी लिहून दिले आहे, आणि दुसरा डोस पडला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. तेवढा काळ निर्णय फक्त मीटरवर, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सेन्सरचा आकडा बघून बोलस नाही. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांच्या बाटलीवर पॅरासिटामॉल लिहिले आहे का हे आधी वाचायचे, कारण बऱ्याच बाटल्यांत ते असते. ही रीत लिहून फ्रीजवर चिकटवली, आणि एक प्रत बालरोगतज्ज्ञांना दिली.

मॅन्युअल पद्धतीत गेल्यावर पंप चालतो तो तुम्ही भरलेल्या बेसलवर. या घरी ते पहिल्या आठवड्यातले होते, कोणी बदललेच नव्हते. प्रत्येक भेटीत स्मार्टगार्डने दिलेले सरासरी बेसल बघून मॅन्युअल बेसल त्याला जुळवून घ्यावे. आणि आजारात इन्सुलिन बंद करायचे नाही. खाणे कमी असले तरी कीटोन (इन्सुलिन कमी पडले की रक्तात साचणारी आम्ले) तपासायचे.

वाकलेली कॅन्युला

पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. दीर्घकालीन इन्सुलिनचा साठा अंगात नसतो. पुरवठा तुटला की दोन ते चार तासांत कीटोन वाढू लागतात.

सेट, म्हणजे पंपाची नळी आणि तिच्या टोकाची त्वचेखाली राहणारी बारीक कॅन्युला, संध्याकाळी सहाला बदलला. पावणेआठला जेवणाचा बोलस. साडेदहाला २९०. आईने ३० ग्रॅम खोटे कार्ब भरले, कारण पंप स्वतःहून ‘पुरेसे’ देत नाही असे वाटले. १.२ युनिट गेले, म्हणजे पंपाच्या मते गेले. सव्वाबाराला ३४२, पोटात दुखतेय. रक्तातील कीटोन १.६. सेट काढला तर मऊ कॅन्युला मुडपलेली, पट्टी ओली, इन्सुलिनचा वास. पंप ओरडला नाही, कारण अडथळ्याचा अलार्म नळीत दाब साचला तरच होतो. इन्सुलिन त्वचेबाहेर गळत असेल तर दाब साचतच नाही.

खोटे कार्ब भरण्याची सवय दोन बाजूंनी नडते. सेट चालू असेल, तर ते इन्सुलिन तासाभराने लो आणते. बंद असेल, तर पंपाच्या नोंदीत न गेलेले इन्सुलिन जमा होते आणि तो स्वतःची दुरुस्ती रोखून धरतो. वर दर मध्यरात्री पंप मागच्या दिवसांच्या एकूण इन्सुलिनवरून आपला अंदाज बदलतो, त्यात हा खोटा आकडाही मिसळतो.

त्या रात्री केले ते असे. अर्ध्या युनिटपर्यंत मोजणाऱ्या जलद इन्सुलिनच्या पेनने २.५ युनिट, किलोला ०.१ या हिशेबाने. पाणी. नवीन सेट दुसऱ्या जागी. आणि पुढचे चार तास मॅन्युअल पद्धत, कारण पेनने दिलेले इन्सुलिन पंपाला माहीतच नसते. तो ३४२ बघून त्यावर आणखी देईल. दोन तासांनी शुगर २१८, कीटोन ०.५.

आता नियम : २५० च्या वर गेली आणि पंपाने सुचवलेल्या एका दुरुस्तीनंतर दीड-दोन तासांत उतरायला लागली नाही, की कीटोन बघायचे. ०.६ किंवा जास्त असतील तर पंपावर विसंबायचे नाही : पेन, नवीन सेट. १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर सरळ रुग्णालय. सेट दर तीन दिवसांनी, आणि बदलायचा तो शाळेतून आल्यावर दुपारी, म्हणजे झोपण्याआधी एक जेवण आणि दोन-तीन तासांचे आकडे हातात येतात. पोट सपाट, चरबी कमी, म्हणून मऊ कॅन्युला दोनदा मुडपली. तेव्हापासून कुल्ल्याच्या वरच्या भागात सेट आणि आता तक्रार नाही. पुन्हा झालेच तर स्टीलच्या सुईचा सेट आहे, तो मुडपत नाही, दर दोन दिवसांनी बदलावा मात्र लागतो.

थोडक्यात राहिलेले

खो-खो संध्याकाळी पाचला. चारला टेम्प टार्गेट (तात्पुरते लक्ष्य) १५०. त्या काळात स्वयंचलित दुरुस्ती बंद असते. खाऊ द्यायचाच तर मैदानात उतरताना. अर्धा तास आधी दिला तर चढ पाहून पंप इन्सुलिन वाढवतो आणि ते खेळात नडते. धक्काबुक्कीमुळे पंप काढून ठेवायचा असेल, तर आधी ‘डिलिव्हरी सस्पेंड’ करायची. नुसता सोडवून पिशवीत ठेवला तर तो हवेत इन्सुलिन सोडतो आणि ते मुलीच्या खात्यावर लिहितो.

एकदा गूळ लागलेल्या बोटाने मीटरवर २६८ आले आणि तेच पंपात भरले गेले. त्या आकड्याशी सेन्सर जुळवला गेला (कॅलिब्रेट झाला) आणि दुपार बिघडली. हात धुऊन, पुसून, मगच.

रात्री दोन-तीनला कधी कधी सेन्सर एकदम ५५ दाखवतो, मूल त्या कुशीवर झोपलेले असते. कूस बदलून दहा मिनिटांत आकडा सावरतो. पण मीटर लावल्याशिवाय तसे गृहीत धरायचे नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात पंप शर्टाच्या आत. शरीराच्या तापमानापेक्षा जास्त तापले की इन्सुलिनचा जोर कमी होतो. घामाने सेन्सर सुटतो, म्हणून वरून जादा पट्टी. महिन्याला साधारण दहा सेट आणि सात दिवसांचा एक याप्रमाणे चार-पाच सेन्सर लागतात. दोन सेट आणि एक सेन्सर कायम शिल्लक हवा. ग्लार्जिनचे पेन फ्रीजमध्ये आणि त्याच्या खोक्यावर पंप बंद पडल्यास द्यायचा डोस, तारखेसह.

अकराव्या आठवड्याचा अहवाल

पट्ट्यात ७३ टक्के. ७० खाली ३. १८१ ते २५० मध्ये १८, २५० वर ६. सरासरी १५८. स्मार्टगार्ड ९४ टक्के वेळ. स्वयंचलित दुरुस्तीचा वाटा १९ टक्के. सकाळचे गुणोत्तर १६ वरून १४ केले आहे, दुपारचे २५ वरून २२. लक्ष्य ११० च ठेवले. लो ३ टक्क्यांवर टिकल्याशिवाय १०० ला उतरायची घाई नको.

२५० च्या वरचे ६ टक्के अजून जास्त आहेत. अहवाल वारानुसार लावला तर ते जवळजवळ सगळे रविवारचे निघतात : उशिरा उठणे, साडेनऊला इडली, मध्ये आजीचा लाडू न मोजता. लाडवावर बंदी घातलेली नाही. आजींना छोटा वजनकाटा दिला आहे आणि घरच्या राजगिरा लाडवाचे कार्ब डब्यावर लिहिले आहेत. पुढच्या भेटीत चार रविवार वेगळे काढून बघायचे ठरले आहे. त्याच भेटीत मॅन्युअल बेसल आणि खोक्यावरचा ग्लार्जिनचा डोस पुन्हा जुळवायचा, कारण वजन आता २५ किलो झाले आहे.